कौल लावला आणि धरणी हलली

डी.एड.ला असताना भूगोलाच्या पेपरात मी भूकंपावर लिहिलेलं उत्तर आमच्या सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं. भूपृष्ठाखालचा ताण, प्रस्तरभंग, केंद्र, लहरी, सगळं आकृतीसकट. आकृतीला लाल आणि निळी पेन्सिल. त्यानंतर दोन वर्षांनी खराखुरा भूकंप माझ्या पायांखालून गेला आणि मला तो ओळखता आला नाही. ओळखला तो माझ्या सासूबाईंनी, ज्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. मी नुसती ओळखायची चुकले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी त्या काही क्षणांत जे केलं, ते आमच्या गावात अजून सांगतात, आणि सांगणारे बरेचसे तिथे नव्हतेही.

हे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीतून वेगळा व्हायचा होता की नुकताच झाला होता, यावर आमच्या घरात आजही वाद होतो. तो इथे काढत नाही.

मी देवगडकडची. लग्न होऊन मालवणच्या किनाऱ्यावरच्या या गावात आले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शिकलेली समजत होते. नवरा मुंबईला एका कचेरीत, गणपतीला आणि मे महिन्यात येणार. घरात सासू, सासरे, मी आणि दोन गाई. घरातले सगळे मालवणीत बोलायचे आणि मी मात्र पुस्तकी मराठीत. मालवणी मला येत नव्हती असं नाही, माझ्या आईच्या घरी दुसरं काय बोलत होते? पण डी.एड. झाल्यापासून मी ती पेटीत घालून ठेवली होती. ‘आई, मी गाईंना वैरण घातली आहे,’ असं म्हटलं की सासूबाई सासऱ्यांकडे बघून म्हणायच्या, ‘आयकलास? बातम्ये सुरू झाले.’

तर एक दिवस पोस्टमन खाकी पाकीट घेऊन आला. प्राथमिक शिक्षिका म्हणून माझी नेमणूक. शाळा इन्सुलीची. पंधरा दिवसांत हजर व्हावे.

इन्सुली म्हणजे आमच्या गावाहून जिल्ह्याचं दुसरं टोक. आधी कसाल, तिथे गाडी बदलून सावंतवाडी, तिथे पुन्हा गाडी बदलून इन्सुली. रोज जाणं-येणं शक्य नव्हतं. तिथेच खोली घेऊन राहायला लागणार. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि सून एकटी परगावी खोली घेऊन राहणार, हे आमच्या वाडीत कुणी केलं नव्हतं.

मला जायचं होतं. किती जायचं होतं ते सांगू? तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवायच्या निमित्ताने दिवसातून चार वेळा बाहेर काढून वाचत होते. इन्सुलीच्या मुलांना मी पहिल्या दिवशी काय शिकवणार हेसुद्धा ठरवून झालं होतं. पण तोंडाने म्हणायचं नाही. चांगल्या घरातली शिकलेली सून हट्ट करत नाही, अशी माझी समजूत. ती मला कुणी शिकवली नव्हती, माझी मीच तयार केली होती.

सासूबाईंनी विचारलं, ‘तुका काय वाटता गो? जावक व्हया काय नको?’

मी मान खाली घालून म्हटलं, ‘तुम्ही म्हणाल तसं.’

सासऱ्यांनी विचारलं. त्यांनाही तेच. नवऱ्याला पत्र टाकलं, त्याचं उलट टपाली उत्तर आलं, ‘आई म्हणेल तसं कर.’ सासऱ्यांनी पत्र मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बरा झाला. आता घरात चार माणसां आसत आणि मत कोणाचाच नाय.’

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सासूबाईंनी चूल सारवता सारवता जाहीर केलं, ‘देवीक इचारुया.’

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, परगावचा प्रवास असो, अडलं की गावच्या देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. मग गाऱ्हाणं घालतो आणि सगळे डोळे लावून बसतात. उजवी कळी आधी पडली तर देवीची परवानगी. डावी पडली तर नाही. मग त्या ‘नाही’वर अपील नाही.

सासूबाईंचं मन मी हळूहळू वळवलं असतं, पण देवीचं कसं वळवणार?

आणि इथे माझ्या डी.एड.ने डोकं वर काढलं. मी मनाशी म्हटलं, कळी पडते ती का पडते? वजनाने. ओलावा सुकला की. हा तर सरळ सरळ विज्ञानाचा विषय. देवीला फुलं न्यायचं काम माझ्याकडे होतंच. मी परसातल्या झाडाच्या कळ्या आणल्या आणि मागीलदारी भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाट्यावर प्रयोग सुरू केले. घट्ट मिटलेली बारीक कळी पाण्यात बुडवून चिकटवली की बराच वेळ राहते. टपोरी, उमलायला आलेली कळी लगेच घसरते. दोन दिवस मी हे करत होते. एकदा सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

‘काय करतंस गो थंय?’

‘पाटा धुते आहे.’

‘सकाळपासून तिसऱ्यांदा? झिजात तो!’

कौलाच्या दिवशी सकाळी मी ताटात दोन द्रोण ठेवले. एकात टपोऱ्या कळ्या, एकात बारीक. टपोऱ्यांचा द्रोण उजव्या बाजूला. गुरव काका ताट समोर घेऊन बसणार, उजवा हात उजव्या द्रोणात जाणार, टपोरी कळी उजव्या अंगाला लागणार, आणि देवीच्या आधी मीच मला परवानगी देऊन मोकळी. यात पाप आहे असं मला वाटलंच नाही. मी त्याला ‘नियोजन’ म्हणत होते. डी.एड.ला पाठ-नियोजनात मला चांगले मार्क होते.

देवळात आम्ही चौघंच होतो. गुरव काका, सासूबाई, सासरे आणि मी. कौल माझ्यासाठी म्हणून मला पहिल्यांदाच अगदी पुढे, गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी उभं केलं होतं. एरवी आम्ही बायका मागे, तिथून देवीचा फक्त मुकुट दिसतो. गुरव काकांनी ताट घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून बसले. त्यांच्या पाठीआड काय चाललंय ते मला दिसेना. दिसत होतं ते एक कोपर, उजवं, हलत होतं. मी मनात म्हटलं, चाललंय बरोबर.

तेवढ्यात सासरे माझ्याकडे वाकले. स्वभावाने फार समजूतदार माणूस, सून घाबरली असेल म्हणून धीर द्यायला हळूच म्हणाले, ‘ध्यानात ठेव हां, उजवो म्हंजे देवीचो उजवो. ती आपल्याकडे तोंड करून बसली आसा. म्हंजे आपलो डावो.’



तेवीस वर्षं मी कौल बघत होते. आणि शंभर मुलांना डावं-उजवं शिकवायची मला सरकारने नेमणूक दिली होती. माझ्या टपोऱ्या, उमलत्या, दोन दिवस पारखलेल्या कळ्या देवीच्या डाव्या अंगाला चिकटल्या होत्या. माझा नकार मी स्वतः निवडून, धुऊन, द्रोणात घालून आणला होता.

गुरव काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. ‘हे देवी माउली, म्हाराजा! आज ह्या घरची सून परगावी नोकरेक जावची आसा...’

‘व्हय म्हाराजा,’ सासरे.

‘तिका जावची तुझी परवानगी आसात तर उजवो कौल दी. नसात तर डावो दी. पण काय ता खरा सांग, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

मी कसली म्हणते व्हय म्हाराजा? मी डोळे मिटले आणि देवीची विनवणी सुरू केली. देवी, त्या डाव्या कळ्या धरून ठेव. पाण्याने चिकटत नसतील तर कशाने तरी धर. मी चुकले, मी पुन्हा पाट्याला हात लावणार नाही, वाटणसुद्धा मिक्सर आला की मिक्सरवर करीन. मिक्सर तेव्हा आमच्या गावात वीज असेल तेव्हाच चालायचा, तेही मी बोलून दाखवलं, देवीला फसवायला नको म्हणून.

आणि तेव्हा माझे पाय थरथरायला लागले.

आधी वाटलं, भीतीने. मग पाय सोडून थरथर वर चढली. देवळाची घंटा, जिला कुणी हात लावला नव्हता, ती किणकिणली. समईची ज्योत डुलली. वर छपराच्या नळ्यांवरून, म्हणजे कौलांवरून, कुणीतरी पळत गेल्यासारखा खडखडाट झाला आणि धुळीचा पडदा खाली आला. देवीपुढे ठेवलेला नारळ गडगडत उंबरठा ओलांडून माझ्या पायांशी येऊन थांबला. मी डोळे उघडले तर पाषाणावर एकही कळी नव्हती. उजवी नाही, डावी नाही. सगळ्या खाली.

प्रस्तरभंग? लहरी? केंद्र? एक शब्द आठवेल तर शपथ. मला एवढंच दिसलं की देवी रागावली आहे, माझ्यावर, आणि तिने नारळ परत केला आहे. मी दाणकन जमिनीवर लोटांगण घातलं आणि ओरडले, आणि ओरडले ती पेटीत घालून ठेवलेल्या भाषेत, ‘आई माउली, माका माफ कर! मिया कळे निवडलंय! मिया पाट्यार लावन बघलंय! माका भस्म करू नको गो आई!’

गुरव काका केव्हाच बाहेर पडले होते. सासऱ्यांचं धोतर त्यांच्या आधी बाहेर पडायला निघालं होतं, ते सावरत तेही गेले. माझ्या कानाशी सासूबाईंचा आवाज आला, ‘धरणी हालता गो! भायर ये आधी, मग काय ता रड!’ आणि त्यांनी मला वेणीला धरून ओढलं. मी नारळ उराशी धरून, अर्धी रांगत, देवळाच्या अंगणात पोचले तेव्हा सगळं थांबलं होतं. कावळे ओरडत होते आणि वाडीतली कुत्री भुंकत होती.

‘भूकंप,’ सासूबाई म्हणाल्या, केस सावरत. ‘मागच्या मोठ्या येळाक पाटेचा अशीच हालली होती.’

तो मागचा मोठा म्हणजे कोयनेचा. तो पहाटे झाला तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. घरच्यांनी मला चटईसकट उचलून अंगणात आणलं होतं आणि मी जागी झाले नव्हते. तेव्हा भूकंपाचा माझा सगळा अनुभव लाल-निळ्या पेन्सिलीचाच. संध्याकाळी सासऱ्यांच्या ट्रान्झिस्टरवर सांगितलं, कोयनेकडच्या भागात मध्यम धक्का, जमिनीत फार खोल नव्हता म्हणून लांबवर जाणवला. आमच्याकडे त्याची फक्त शेपटी आली होती. देवळाचे पाच-सहा नळे सरकले, आमच्या घरी लोणच्याची बरणी आडवी झाली. बाकी काही नाही.

पण संध्याकाळ अजून लांब होती. तूर्त तिघंजण अंगणात उभे राहून माझ्याकडे बघत होते.

‘काय म्हणत होतंस तू आत?’ सासूबाईंनी विचारलं. ‘पाट्यार काय लावलंस?’

आता काय लपवणार? सगळं सांगितलं. टपोऱ्या कळ्या, बारीक कळ्या, दोन द्रोण, उजवा हात, डावा हात. सांगता सांगता रडले, आणि रडता रडता तो नारळ काही सोडला नाही.

गुरव काका ऐकत होते. मला वाटलं, आता हे सगळ्या गावाला बोलावणार. त्यांनी आधी उपरण्याने तोंड पुसलं, मग त्यांचे खांदे हलायला लागले. दुसरा धक्का आला की काय असं मला क्षणभर वाटलं. ते हसत होते.

‘गो बाये,’ ते म्हणाले, ‘तुझे कळे मिया लावलंयच नाय. देवीक लावचे कळे मी सकाळी आंघोळ करून माझ्या हातान काढतंय. तुझे पायाकडे ठेवलंय. चाळीस वर्सां ह्या काम करतंय मी. कोणाची सून, कोणाचो जावय, सगळे येतत निवडलेले कळे घेवन. एकान तर डिंक लावन हाडल्यान होतो!’

म्हणजे माझं पापसुद्धा नवीन नव्हतं. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

‘पण कौल?’ सासरे म्हणाले. ‘दोनय बाजू एकदम पडले. ह्येचो अर्थ काय लावचो? जा पण, आणि जाव नको पण?’

‘मोडलो तो कौल,’ गुरव काका म्हणाले. ‘परत लावूक व्हयो. चार दिवसांनी येवा. आज देवीक कायएक इचारू नये.’

चार दिवसांनी! हजर व्हायची मुदत दोन दिवसांत संपत होती. हे तिघांनाही ठाऊक होतं. मी नुसती नारळाची शेंडी कुरवाळत बसले. बोलायची सवयच नव्हती ना.

सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या, पण त्या वेळी मला मान वर करून बघावं लागत होतं असं आठवतं. मी जमिनीवर बसले होते म्हणूनही असेल.

‘कळे पारखूक दोन दिवस गावले तुका,’ त्या म्हणाल्या. ‘माका एक सबद सांगूक येळ गावलो नाय?’

‘मी... तुम्ही म्हणाल तसं...’

‘परत ताच! अगो, मी काय तुझ्या पोटात शिरान बघू? माका वाटला, तुका जावचा नाय. सरकारचो कागद इलो म्हणान पोर घाबारली, नाय म्हणूक लाजता. जा म्हटला तर सासून घराभायर काढली म्हणतली. म्हणान देवीक घातलंय मधी.’

सासरे म्हणाले, ‘माका पण ताच वाटला.’

दहा दिवस आम्ही एकमेकींच्या मनातलं ओळखत बसलो होतो आणि दोघींनीही उलट ओळखलं होतं. त्या मला सांभाळत होत्या, मी त्यांना सांभाळत होते, आणि खाकी कागद देव्हाऱ्यात पडून होता.

‘आता सांग,’ त्या म्हणाल्या. ‘देवीकडे बघू नको. माझ्याकडे बघ. जावचा आसा?’

भूकंपात नव्हते हलले एवढे माझे ओठ तेव्हा हलले. ‘व्हय,’ मी म्हटलं. ‘माका जावक व्हया. लय जावक व्हया.’

‘मग जा.’

‘आणि देवी?’ गुरव काकांनी विचारलं. त्यांचाही धंद्याचा प्रश्न होता.

‘तिका सांगा, आमचा आमी बघतो. तिका आज तिचाच काय कमी झाला?’ असं म्हणून सासूबाईंनी माझ्या हातातून नारळ ओढून काढला आणि देवळाच्या पायरीवर फोडला.

दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं, पण सासऱ्यांनी हट्ट धरला की धक्का एकदा आला की मागोमाग आणखी येतात, घाटाखाली एसटीत बसलेली सून त्यांना नको. ट्रान्झिस्टर कानाला लावून ते दोन दिवस वाट बघत बसले. आला नाही तर नाहीच. नाइलाजाने मला सोडलं तोवर मुदत उलटून एक दिवस झाला होता. आणि मी एकटी नव्हते. माझी ट्रंक, पीठ, तांदूळ, सुकी मासळी आणि या सगळ्यावर बसलेल्या सासूबाई. ‘खोली कशी आसा बघतंय आणि उद्या परत येतंय,’ असं म्हणून त्या निघाल्या आणि महिनाभर राहिल्या.

कसालच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना शेजारच्या बाईला त्या सांगत होत्या, ‘सुनेची नोकरी. धरणी हालली तेव्हा मिळाली.’ सावंतवाडीला पोचेपर्यंत त्यात देवळाचा कळस वाकला होता.

इन्सुलीची शाळा गोव्याच्या वाटेवरच्या तपासणी नाक्यापासून फार लांब नव्हती. ट्रक थांबल्याचे आवाज वर्गात यायचे. हेडमास्तर पांढऱ्या टोपीतले, गंभीर. त्यांनी माझा कागद वाचला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, पुन्हा कागद वाचला.

‘मुदत काल संपली, बाई.’

एवढं सगळं करून शेवटी तारखेवर अडणार! मी माझी उरलीसुरली पुस्तकी मराठी गोळा केली. ‘सर, आमच्या बाजूला भूकंप झाला, त्यामुळे विलंब झाला.’

‘भूकंप?’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘मी पेपरात वाचलं खरं. पण इथे तर काही जाणवलं नाही. कुणालाच नाही.’

मी खाली बघितलं. दाराशी ट्रंकेवर बसलेल्या सासूबाईंनी मात्र पदर खांद्यावर घेतला आणि माझ्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

‘तुमका कसो जाणवतलो, मास्तरांनू?’ त्या म्हणाल्या. ‘तो आमच्यासाठी इल्लो.’

हेडमास्तरांनी शिक्षकांचं हजेरीपत्रक उघडलं, दौत माझ्या बाजूला सरकवली आणि कालच्या रकान्यावर बोट ठेवलं.